बेडकाच्या कातडीत दडलंय काय?

पहिला दमदार पाऊस झाला की बदलापूर-वांगणीच्या भातखाचरांत बेडकांचा एकच गलका उठतो. त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण त्यांच्या कातडीची करामत फार थोड्यांना ठाऊक असते. बेडकाला ना खवले, ना पिसं, ना केस. अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, तसा हा प्राणी आपला कारखाना या उघड्या कातडीतच वागवतो!

कातडीतल्या मुख्य ग्रंथी दोनच प्रकारच्या
श्लेष्मल ग्रंथी छोट्या आणि अंगभर पसरलेल्या. त्या बुळबुळीत द्रव सोडतात. दाणेदार ग्रंथी मोठ्या असतात आणि त्यांत विष साठतं. त्यांच्याभोवती आकसणाऱ्या पेशींचं वेष्टन असतं. बेडूक घाबरला की वेष्टन आवळतं आणि रस बाहेर पडतो.

बुळबुळीत आहे म्हणून जिवंत आहे
बेडूक फुप्फुसांप्रमाणे कातडीनेही श्वास घेतो. हवेतला ऑक्सिजन आधी ओलाव्यात विरघळतो, मग रक्तात शिरतो. पाणीही तो तोंडाने पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या कातडीतून शोषून घेतो.

दिव्याखालचा पाहुणा
रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपायला येणारा खरबरीत अंगाचा भेक नीट बघा. डोळ्यांमागे दोन फुगीर उंचवटे दिसतील. त्या पॅरोटॉइड ग्रंथी. भेकाला दाबलं किंवा चावलं, तर त्यांतून दुधासारखा पांढरा रस येतो. या रसातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. कुत्र्याने भेक तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, तो या रसामुळेच. भेक स्वतःहून विष थुंकत नाही. आणि त्याला हात लावल्याने चामखीळही येत नाही. चामखीळ येते ती विषाणूमुळे.

बाथरूममधला शहाणा
पावसाळ्यात घराच्या भिंतीवर किंवा बाथरूममध्ये चिकटून बसणारा तपकिरी झाडबेडूक स्वतःला चक्क मलम लावतो. ग्रंथींतून आलेला स्निग्ध द्रव तो हातापायांनी अंगभर पुसतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी उडतं. भारतातल्या या झाडबेडकाच्या सवयीवर 1997 साली शोधनिबंधही प्रसिद्ध झाला आहे.

पिवळेधमक नवरदेव
पहिल्या पावसात साचलेल्या पाण्यात इंडियन बुलफ्रॉगचे नर पिवळेजर्द होतात आणि गालाखालच्या स्वरपिशव्या निळ्या फुगतात. विणीच्या काळात नराच्या अंगठ्यावर खरखरीत गादी तयार होते. तिच्यातही खास ग्रंथी असतात, आणि निसरड्या मादीवरची पकड या गादीमुळेच सुटत नाही. या बेडकांच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जेवणाच्या टेबलांवर जात. भारताने 1987 साली ती निर्यात बंद केली.

मिठी न मारणारा बेडूक
सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी राहणाऱ्या 'बॉम्बे नाइट फ्रॉग'ची तऱ्हाच न्यारी. नर मादीला धरत नाही. तिच्या पाठीवर ओणवा होऊन हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो. संशोधक एस. डी. बिजू यांच्या चमूने 2016 साली ही पद्धत जगापुढे आणली. या नराच्या मांड्यांवर खास ग्रंथी असतात. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे.

पाय नसलेले भाऊबंद
मातीत राहणारं देवगांडूळ ना गांडूळ, ना साप; ते बेडकाचंच नातेवाईक. खंडाळ्यातल्या एका जातीची नोंद 1960 सालची आहे. दक्षिण अमेरिकेतल्या त्यांच्या एका भावंडाची कामाची वाटणी बघा : डोक्याकडच्या ग्रंथी बुळबुळीत द्रव सोडून बीळ खणणं सोपं करतात, शेपटीकडच्या ग्रंथी विष सोडून मागचा शत्रू अडवतात. ही माहिती 2018 साली पुढे आली.

फ्लूचा वैरी
महाराष्ट्रातही आढळणाऱ्या 'बहुविस्तारा' बेडकाला 2015 साली शास्त्रीय नाव मिळालं. दोनच वर्षांत त्याच्या कातडीच्या द्रवात 'उरुमिन' नावाचं द्रव्य सापडलं, जे एच1 गटातल्या फ्लूच्या विषाणूंना नष्ट करतं. केरळच्या लवचीक उरुमी तलवारीवरून हे नाव पडलं. त्याआधी 1987 साली अमेरिकेत संशोधक मायकेल झॅसलॉफ यांना एक कोडं पडलं होतं : शस्त्रक्रिया झालेले बेडूक घाणेरड्या पाण्यात राहूनही त्यांच्या जखमा का चिघळत नाहीत? उत्तर कातडीतच मिळालं. 'मॅगेनिन' नावाची जंतुनाशक द्रव्यं!

वालधुनीची हाक
आता महत्त्वाचं. जी कातडी पाणी पिते, ती पाण्यातलं विषही पिते. 1060 सालचं अंबरनाथचं शिवमंदिर ज्या वालधुनी नदीच्या काठी उभं आहे, त्याच वालधुनीने पुढे उल्हासनगरपर्यंत कारखान्यांचं आणि जीन्स धुलाईचं सांडपाणी वर्षानुवर्षं सोसलं. अशा पाण्यात ना डिंभक तगतात, ना बेडूक. म्हणून कोंडेश्वर, बारवीच्या परिसरातले ओढे आणि गावाबाहेरची डबकी जपायला हवीत. औषधांच्या नव्या वाटा तिथे दडलेल्या असू शकतात.

आणि एक सोपं काम. बेडूक उचलून बाजूला ठेवायची वेळ आली, तर आधी हात साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन ओलेच ठेवा. साबण, सॅनिटायझर, डासांचं मलम हाताला नको, कारण ते थेट त्याच्या अंगात शिरेल. मग त्याला सोडून साबणाने हात धुवा, आणि तोवर डोळे चोळू नका. दोघेही सुखरूप!