फिश टँकचा जिवंत तळ

उंच काचेच्या बरणीत पाणी भरा आणि मूठभर नदीची वाळू त्यात सोडा. एक मिलिमीटरचा कण दोन-तीन सेकंदांत फूटभर खोल जाऊन तळ गाठतो. त्याच मुठीतून सुटलेला चिकणमातीचा कण, ज्याचा व्यास मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा असतो, तेवढंच अंतर उतरायला जवळपास अख्खा दिवस घेतो. दोघांची घनता फारशी वेगळी नाही, फरक आहे तो आकाराचा. इतक्या सूक्ष्म कणांचा व्यास निम्मा झाला की बुडण्याचा वेग चौथाईवर येतो. न धुतलेली वाळू टँकमध्ये घातली तर पाणी दिवसचे दिवस गढूळ का राहतं, त्याचं उत्तर या गणितात आहे.

वाळू धुण्याची युक्तीही त्यातच आहे. बादलीत चौथा हिस्सा वाळू घ्यावी, जोरात पाणी सोडावं, तळापासून ढवळावं, पाच-दहा सेकंद थांबावं आणि वरचं पाणी ओतून द्यावं. तेवढ्या वेळात वाळू खाली बसते, माती मात्र वरच राहते. पाणी निवळशंख होईपर्यंत हेच करत राहायचं. साबण अजिबात नको, कारण त्याचा उरलेला अंशही माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद टँकमध्ये पाच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे नऊ लिटर, म्हणजे चौदा-पंधरा किलो वाळू लागते. एकदम सगळी धुवायला घेऊ नये.

पण धुण्याआधी निवड. कोरड्या खड्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि डोळे जवळ नेऊन पाहा. बारीक बुडबुडे फसफसले तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. कोकणातल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो हमखास फसफसतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट गप्प राहतो, पण त्याच खड्यात पांढरा ठिपका असेल तर तेवढाच ठिपका बुडबुडे सोडू शकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत कॅल्साइटचे स्फटिक वाढले. त्या प्राचीन पोकळीचा पत्ता स्वयंपाकघरातलं व्हिनेगर देतं!

फसफसणारी वाळू वाईट असते असं नाही. ती हळूहळू विरघळून पाणी जड आणि अल्कधर्मी करते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना तेच पाणी मानवतं, ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या टेट्रांना मात्र ते जाचतं. आधी मासे ठरवावेत, मग वाळू. तळाशी चरणारे कोरीडोरास वाळूत तोंड खुपसून अन्न चाळतात आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतात. त्यांना गोल कडांची बारीक वाळूच हवी. धारदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात.

आकाराचा प्रश्न इथे संपत नाही. एक सेंटिमीटरच्या गोल खड्यांनी लिटरचं माप भरलं तर त्यांचा एकूण पृष्ठभाग साधारण ०.३६ चौरस मीटर भरतो. तेच माप दोन मिलिमीटरच्या कणांनी भरलं तर तो १.८ चौरस मीटर होतो, म्हणजे एका माणसाच्या पलंगाएवढा! या पृष्ठभागावर टँकचं आयुष्य अवलंबून असतं, कारण तिथे वस्ती असते.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. दगडाला चिकटलेले सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे दोन टप्पे वेगवेगळे जिवाणू पार पाडतात हे सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं. त्यानंतर शतकभर हे काम फक्त जिवाणूंचं मानलं जात होतं. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सिएटल मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीच्या तळातून मिळवलेल्या सूक्ष्मजीवाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. तो जिवाणू नव्हता, आर्किया या अगदी निराळ्या कुळातला होता आणि अमोनियावर जगत होता. त्याच्या भाईबंदांच्या डीएनएच्या खुणा महासागरांत सगळीकडे मिळत होत्या, पण ते जगतात कशावर हे कोडंच होतं. अथांग समुद्राचं कोडं सुटलं ते मत्स्यालयाच्या टाकीच्या तळाशी!

म्हणून सुरू झालेल्या टँकची सफाई पहिल्या धुण्याच्या अगदी उलट असते. पहिल्या वेळी सगळं घालवायचं, नंतर वस्ती सांभाळून फक्त गाळ काढायचा. सायफनची रुंद नळी खड्यांत खुपसली की पाणी खडे आणि गाळ दोन्ही वर उचलतं. रुंद नळीत वेग कमी असल्यानं खडे मागे पडतात, गाळ मात्र अरुंद पाइपातून बाहेर जातो. बादलीतला बुडण्याच्या वेगाचा नियम इथेही कामी येतो. बारीक वाळू असेल तर नळी पृष्ठभागाच्या किंचित वर धरावी. एका वेळी तळाचा तिसरा हिस्सा पुरे. काही खडे बाहेर काढून धुवायचेच असतील तर टँकमधून काढलेल्या पाण्यात धुवावेत, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या वस्तीचा बळी घेतं.

वाळूचा थर फार जाड आणि दाट झाला तर खाली प्राणवायू पोहोचत नाही. तिथे दुसरे जीव हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि ढवळल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो. थर बेताचा ठेवावा आणि अधूनमधून हलक्या बोटांनी सैल करावा.

नव्या टँकमध्ये ही वस्ती आपोआप रुजायला महिना-दीड महिना लागतो. ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर मूठभर खडे मागून आणा आणि न धुता आपल्या टँकमध्ये घाला. दह्याला जसं विरजण, तसे हे खडे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री टेस्ट किटनं करून घ्या, मगच मासे आणा.