घोडेगावच्या सायकलवाल्यांनी मागायचं काय, आणि कुणाकडे?

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत घोडेगाव लागतं. नेवासा तालुक्यातलं हे गाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्यासाठी ओळखलं जातं. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक इथूनच आत वळतात. सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर, असे दोन साखर कारखाने याच तालुक्यात. त्यामुळे सीझनमध्ये उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कांद्याचे पिकअप, ट्रॅव्हल्स आणि भाविकांच्या गाड्या या पट्ट्यात एकत्र येतात.

आणि या सगळ्यांच्या कडेनं, डांबराच्या काठावर तोल सांभाळत, वस्तीवरून शाळेला निघालेलं पोरगं सायकल मारत असतं.

सायकल ट्रॅक म्हटलं की डोळ्यासमोर हेल्मेट घातलेले, रविवारी सकाळी राईडला निघणारे शहरी लोक येतात. पण २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना कामावर कसं जाता, असं विचारलं, तेव्हा साधारण १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली. म्हणजे अडीच कोटींहून जास्त माणसं. यात शाळकरी मुलं नाहीत आणि शेतावर जाणारेही नाहीत.

आता दुसरा आकडा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यात सायकलवाले सुमारे ४,८००. एकूण मृत्यूंपैकी जवळपास ६० टक्के राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर झाले, आणि देशातल्या एकूण रस्त्यांत या महामार्गांची लांबी जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आहे. महामार्ग गावातून जातो तेव्हा गावाच्या वाट्याला काय येतं, ते यातून कळतं.

मग मागायचं काय? घोडेगावसारख्या गावात रंगवलेला सायकल ट्रॅक ही पहिली मागणी असू नये. पहिली मागणी साइडपट्टीची हवी.

कारण साधं आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. शेजारची मुरुमाची साइडपट्टी मात्र आहे तिथंच राहते, पावसात अजून खचते. काठाला वीतभर खड्डा तयार होतो. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सायकलवाला दचकून खाली उतरतो, पुढचं चाक काठाला घासतं, परत वर यायला गेलं की सायकल आडवी होते. आणि ती पडते रस्त्याच्या बाजूला, म्हणजे चाकांच्या दिशेनं. डांबराच्या पातळीला असलेली, दीड मीटरची का होईना, पक्की साइडपट्टी मिळाली तर हा एक प्रकार बराच थांबतो. पायी चालणारे, बैलगाडी, बंद पडलेली मोटरसायकल, सगळ्यांनाच ती कामी येते.

दुसरी मागणी रस्ता ओलांडण्याची. दुभाजकाच्या रस्त्यावर फाटा लांब असला की लोक उलट्या बाजूनं सायकल चालवतात. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण शाळा समोर दिसत असताना वळणासाठी किलोमीटरभर पुढे कोण जाईल? लोक जिथून खरोखर रस्ता ओलांडतात, तिथंच सोय व्हायला हवी.

तिसरी वेगाची. ताशी ३० ऐवजी ६० च्या वेगानं आलेली गाडी धडकली तर धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात असं म्हटलंय की पायी चालणारे आणि सायकलवाले गाड्यांमध्ये मिसळतात तिथं वेगाची मर्यादा ३० ठेवावी.

ट्रॅकचा आग्रह आधी का नको, हे पुण्याकडे पाहून समजतं. एकेकाळी सायकलींचं शहर असलेल्या पुण्यात परिसर, सायकल प्रतिष्ठान यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं पाठपुरावा करत आल्या. २००६ नंतर केंद्राच्या निधीतून बीआरटीबरोबर ट्रॅकही झाले. पण कुठं मध्येच खांब, कुठं पार्किंग, कुठं ट्रॅक अचानक संपतो, अशी त्यांची गत झाली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. कागद चांगला होता, पण रस्त्यावर तो तुकड्यातुकड्यानंच उतरला. एवढ्या मोठ्या महापालिकेची ही कथा, तर ग्रामपंचायतीनं ट्रॅक सांभाळायचा कसा?

नेदरलँड्सचं उदाहरण सगळे देतात, पण तिथंही सुरुवात ट्रॅकपासून झाली नव्हती. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात ४०० हून जास्त मुलं रस्त्यावर मेली. मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं लेख लिहिला, पालक रस्त्यावर उतरले आणि चळवळीचं नावच पडलं ‘मुलांच्या हत्या थांबवा’. ट्रॅक त्यानंतर आले.

घोडेगावात हे मागायचं कुणाकडे, इथंच बहुतेक अर्ज अडकतात. ग्रामपंचायतीला पत्र जातं, ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही. खरंही असतं ते. रस्ता कुणाचा, हे कळायला किलोमीटरचा दगड बघायचा. डोक्यावर पिवळा रंग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्राम सडक योजनेतला रस्ता. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. दगड गायब असेल (बऱ्याचदा असतोच) तर माहिती अधिकारात विचारायचं. त्याच अर्जात दुरुस्तीचं पुढचं काम कधी आहे आणि अंदाजपत्रकात साइडपट्टी धरली आहे का, हेही विचारून घ्यायचं. कारण वर्कऑर्डर निघाल्यावर केलेली मागणी म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड.

ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्जाला वजन येतं. पण तो ‘रस्ता सुरक्षित करावा’ असा मोघम नको. कोणत्या फाट्यापासून कोणत्या शाळेपर्यंत, किती मीटर, किती मुलं सायकलवर येतात, हे मोजून लिहायचं. शाळा भरायच्या वेळी दोन दिवस फाट्यावर बसून मोजलं तरी हा आकडा हातात येतो. ठरावाची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्यायची.

उत्तर काय येऊ शकतं? ‘तो ब्लॅकस्पॉट नाही.’ नियमानुसार साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, की त्या जागेला ब्लॅकस्पॉट म्हणतात. सायकलवरून पडून गुडघे फुटलेलं पोरगं या हिशेबात कुठंच येत नाही. त्यामुळे छोट्या अपघातांची नोंद गावानं स्वतःच ठेवावी लागते. तारीख, वेळ, जागा आणि फोटो, एवढं पुरेसं आहे.

कायदा आता बऱ्यापैकी बाजूनं आहे. सायकल ट्रॅक कसा असावा याचं मानक इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ मध्येच काढलं, २०१५ मध्ये ते सुधारलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीतल्या कलम १३८(१अ) नं पायी चालणारे आणि सायकलीसारखी बिनइंजिनाची वाहनं यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. कोइम्बतूरचे डॉक्टर एस. राजसीकरन यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. ठरावात या दोन कलमांचा आणि या आदेशाचा उल्लेख केला की अर्ज फाइलमध्ये नुसता लावून ठेवणं अधिकाऱ्याला जरा अवघड जातं.