कॅबिनेट का घुमतं?

जॅनेट जॅक्सनच्या ‘ऱ्हिदम नेशन’ या गाण्यानं विंडोज एक्सपीच्या जमान्यात काही लॅपटॉप चक्क बंद पाडले होते. मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये ही हकीकत जाहीर केली. त्या लॅपटॉपमधल्या ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची नैसर्गिक वारंवारता गाण्यातल्या एका सुराशी जुळत होती. गाणं शेजारच्या लॅपटॉपवर लावलं, तरी हा लॅपटॉप मान टाकायचा! अखेर उत्पादक कंपनीनं ध्वनियंत्रणेतच चाळणी बसवून तेवढे सूर गाळून टाकले.

डेस्कटॉपमध्ये हाच खेळ उलटा चालतो. तिथं कंप पुरवते डिस्क आणि घुमतं कॅबिनेट. तिचे सहसा मिनिटाला ७२०० फेरे होतात, म्हणजे सेकंदाला १२०. फिरत्या तबकडीत किंचित असमतोल असला, की १२० हर्ट्झचे धक्के सुरू होतात. एकटी डिस्क फार गुणगुणत नाही, कारण एवढीशी वस्तू खालचे सूर हवेत नीट पसरवू शकत नाही. ती पत्र्याला घट्ट आवळली, की तंबोऱ्याच्या तारेला भोपळा मिळावा तसं होतं.

म्हणून कॅबिनेट निवडताना पहिली परीक्षा पत्र्याची. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या मिलिमीटरऐवजी ०.८ मिलिमीटरचा पत्रा असेल, तर तो चौपट ताठ ठरतो. दुकानात मोजपट्टी लागत नाही. बाजूच्या झाकणावर टिचकी मारावी. ‘टण्ण’ असा लांबणारा नाद आला तर पत्रा पातळ, ‘ठप्प’ आवाज आला तर बरा. सारख्याच आकाराच्या दोन कॅबिनेटपैकी जड असेल ते घ्यावं.

डिस्कखाली रबर असलं म्हणजे काम फत्ते, असं मात्र नाही. रबरावर बसवलेल्या डिस्कलाही स्वतःची डोलण्याची लय असते. धक्क्यांची वारंवारता त्या लयीच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जास्त असेल, तरच कंप अडतो. त्याखाली तो उलट वाढतो. त्यामुळे रबर जितकं मऊ, तितकं उपयोगी. काही हौशी मंडळी तर डिस्क शिवणकामाच्या इलॅस्टिकवर झोपाळ्यासारखी टांगतात. खर्च नगण्य, गुण उत्तम. फक्त संगणक हलवण्याआधी डिस्क काढून ठेवावी लागते.

डिस्कइतकाच आवाज कॅबिनेटचा पंखाही करतो, आणि त्याचं गणित आणखी फायद्याचं आहे. वेग निम्मा केला, तर हवाही निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. दहा डेसिबलची घट कानाला निम्मी वाटते, हे लक्षात घेतलं तर हा सौदा स्वस्तच. शिवाय सारख्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा एक-तृतीयांशाहून कमी वेगात खेळवतो. मोठ्या पंख्याची जागा असलेलं कॅबिनेट निवडावं आणि बायोसमध्ये जाऊन वेग उतरवावा. या दुसऱ्या कामाला पैसा लागत नाही.

आतून फोम लावलेली ‘सायलेंट’ कॅबिनेट महाग असतात. पातळ फोम वरचे, सळसळते सूर शोषतो. डिस्कची घरघर त्याला फारशी दाद देत नाही. त्यातच दर्शनी भाग बंद असला, तर विदर्भातल्या मे महिन्यात आतली हवा तापते, पंखे जोरात धावतात आणि विकत घेतलेली शांतता तिथंच संपते. कमी बजेटमध्ये पुढं जाळी असलेलं साधं कॅबिनेट सहसा जास्त शांत राहतं.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानांत लक्ष वेधून घेतात ते रंगीत दिवे आणि काचेची बाजू. तो खर्च वाचवून विंडोजसाठी एसएसडी घेतली, तर कंपाचा प्रश्नच बराचसा मिटतो, कारण तिच्यात फिरणारा भागच नाही. फोटो-व्हिडिओंच्या साठ्यासाठी हार्ड डिस्क ठेवायचीच असेल, तर रबरातून जाणारे तिचे स्क्रू बेतानं आवळावेत. रबर चेपलं की कडक होतं आणि कंप पुन्हा थेट पत्र्यात उतरतो.