संगणकावरील आरेखन कोठून शिकावे?

तंजावर म्हटले की मराठी माणसाला भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख यांचे स्मरण होते. या शहराच्या आसपास, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, मराठी बोलणारी घरे आजही आहेत. त्यांच्या भोवती भातशेतीचा, पाण्याच्या पंपांचा, वीणा घडविणाऱ्यांचा आणि मूर्ती ओतणाऱ्यांचा संसार चाललेला आहे. अशा गावांत शाळा संपविलेल्या मुलामुलींना यंत्रशाळेत किंवा अभियंत्याच्या कचेरीत काम हवे असेल, तर संगणकावर आरेखन करता यावे लागते. या विद्येला सर्वत्र ‘कॅड’ म्हणतात. ती नवख्याने कोठून शिकावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

साधनांचा तुटवडा नाही. अडचण निवडीची आहे. फुकट धडे असंख्य आहेत आणि शहरात शुल्क घेणारे वर्गही आहेत. भाताचे पैसे हाती आले की बाप मुलाला अशा वर्गात घालतो. मुलगा रेघ, वर्तुळ, छेद यांच्या आज्ञा पाठ करतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो. पुढे एखादा कारखानदार त्याच्या हातात झिजलेला भाग ठेवून ‘याचे आरेखन करून दे’ म्हणतो, आणि तेथे त्याची गाडी अडते. मापे कोणती घ्यावयाची हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. पैसे गेले ते गेलेच. शिवाय ‘ही विद्या आपल्यासाठी नव्हे’ असा समज घरात रुजतो. नुकसान त्याचेच अधिक होय.

वस्तुतः या विद्येचे मर्म त्या गावांना अपरिचित नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथील स्थपती मूर्तीचा मेणाचा नमुना करतात, त्यावर कावेरीच्या गाळाचा लेप देतात आणि मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. नमुन्याच्या आधी मात्र माप येते. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या झावळीची पात कापून तिला प्रमाणशीर घड्या घातल्या जातात. चेहऱ्याच्या लांबीला ‘ताल’ म्हणतात आणि इतर अवयवांची मापे त्या हिशेबाने ठरतात. मूर्ती मोठी हवी असेल तर पात लांब घ्यावयाची. घड्यांचे प्रमाण तेच राहते.

कॅडची कल्पना हीच आहे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली. तिच्यात दोन रेषा समांतर राहाव्यात, दोन लांबी समान असाव्यात, असे संबंध संगणकाला सांगता येत. आजच्या प्रगत सॉफ्टवेअरमध्येही भाग काढावयाचा म्हणजे त्याच्या मापांतील संबंध सांगावयाचे. चित्र त्यातून आपोआप उमटते.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? काही व्यापारी कंपन्या मान्यताप्राप्त संस्थांतील विद्यार्थ्यांना आपले सॉफ्टवेअर विनामूल्य देतात. परंतु त्या परवान्यावर धंद्याचे काम करता येत नाही, आणि वर्कशॉपमध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलाला तो मिळतही नाही. ‘फ्रीकॅड’ला हे बंधन नाही. ते मुक्त सॉफ्टवेअर असून त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. ते विनामूल्य उतरवून घेता येते आणि त्यावर पोटापाण्याचे कामही करता येते. केवळ सपाट नकाशे काढावयाचे असल्यास ‘लिब्रेकॅड’ पुरेसे आहे.

धड्यांविषयी असे सुचवावेसे वाटते की आरंभ सॉफ्टवेअरपासून करू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ड्राफ्ट्समनचे यांत्रिक आणि स्थापत्य असे दोन अभ्यासक्रम आहेत. या संस्थांची पाठ्यपुस्तके चेन्नईची ‘निमी’ ही केंद्र सरकारची संस्था तयार करते, आणि ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावर अभ्यासाचे साहित्य विनामूल्य पाहावयास मिळते. आरेखनाची भाषा तेथे शिकावी. मग फ्रीकॅडच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतील प्राथमिक धडे क्रमाने करावेत. ‘एनपीटीईएल’वरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने उत्तम आहेत, तथापि ती महाविद्यालयीन पातळीची असल्याने नंतर घ्यावीत.

परदेशी धडे पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष असावे. पहिली, मापे इंचांत आहेत की मिलिमीटरमध्ये. दुसरी, दृश्यांची मांडणी. भारतीय मानकानुसार वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकन पद्धतीत ते वर असते. हा भेद न जाणणाऱ्याचे आरेखन कारागीर उलटे वाचेल आणि धातू वाया जाईल. तिसरी, धडा कोणत्या आवृत्तीचा आहे. कारण आवृत्ती बदलली की बटणांच्या जागाही बदलतात आणि नवख्याला आपलेच चुकले असे वाटते.

पहिला अभ्यास घरच्याच वस्तूचा असावा. पंपाच्या पाइपाची फ्लँज घ्या. बाहेरचा व्यास, मधले भोक, जाडी आणि बोल्टची चार भोके ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास कॅलिपरने मोजा आणि कागदावर हाताने आकृती काढा. नंतर तीच फ्लँज संगणकावर उभी करा. हे वर्तुळ बाहेरच्या व्यासाच्या अमुक पट आहे, चारही भोके त्यावर समान अंतराने आहेत, हे संबंध मापांसह सांगा. शेवटी बाहेरचा व्यास वाढवून पाहा. भोके त्याच्याबरोबर नीट सरकली, तर संबंध बरोबर दिले गेले. ती भलतीकडे गेली, तर कोणता संबंध सांगावयाचा राहिला ते शोधा.

वर्गाला पैसे भरण्यापूर्वीही हीच कसोटी लावावी. तेथे खरी वस्तू मोजावयास देतात काय? संबंध शिकवितात काय? आणि विद्यार्थ्याने काढलेल्या आरेखनावरून दुसऱ्या माणसाला तो भाग घडविता येतो काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर शुल्क अवश्य द्यावे. नसतील तर ते पैसे एका चांगल्या कॅलिपरवर खर्च करावेत आणि वर सांगितलेल्या क्रमाने घरीच आरंभ करावा.