नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या आहे. तिचे वाचन एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस असे होते. उजवीकडून वाचली तरी अंकांचा क्रम तोच राहतो. ही संख्या म्हणजे १११११११११ चा, अर्थात नऊ एकांचा वर्ग.

अंकांची ही चढउतार योगायोगाने आलेली नाही. गुणाकार मांडला की १११११११११ च्याच नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. एककाच्या घरात एक १ पडतो, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. मधल्या घरात नऊ आणि पुढे पुन्हा एकेक कमी. कोणत्याच घराची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही. सारे सौंदर्य या न येणाऱ्या हातच्यात आहे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या घरात दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते, सममिती मोडते. नऊची ही मर्यादा दशमान पद्धतीची आहे. आठ अंकांच्या पद्धतीत ती सात एकांवर थांबते, सोळाच्या पद्धतीत पंधरांपर्यंत जाते.

या कुळातील संख्या भारतात फार पूर्वीपासून माहीत आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी नवव्या शतकातील ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ चे वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असे केले आहे. ती सहा एकांचा वर्ग आहे. विसाव्या शतकात देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १, १२१, १२३२१ या मालिकेचा अभ्यास केला. त्यांनी या संख्यांना डेम्लो संख्या म्हटले, डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून.

वर्गमूळ फोडले की आणखी एक नवल हाती लागते: १११११११११ = ९ × १२३४५६७९. या दुसऱ्या अवयवात आठ हा अंकच नाही. तो पुढे ३७ × ३३३६६७ असा फुटतो आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. म्हणून मोठ्या संख्येचे मूळ अवयव म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला, ५ × ३ × ३, की विभाजकांची संख्या ४५ मिळते. ती विषम आहे, कारण विभाजक जोडीने येतात आणि पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते.

संख्येतील अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने तिला पूर्ण भागही जातो. मात्र एकातून दुसरे निघत नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच खात्रीची. येथे भाग जातो, कारण वर्गमूळालाच ९ ने भाग जातो. याच संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ मिळतो.