‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे नेमकं किती?

सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या आढावा बैठकीत एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘काम नव्वद टक्के झालंय.’ पुढच्या सोमवारीही ते नव्वदच असतं. त्यापुढच्या सोमवारी फार तर ब्याण्णव. तरी वरिष्ठ समाधानाने मान डोलावतात, कारण आकडा दिसला की माहिती मिळाल्यासारखं वाटतं.

पण टक्केवारी काढायची तर एकूण काम किती, हे आधी ठाऊक हवं. सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच शेवटपर्यंत हलत राहतं. शंभरातली नव्वद कामं संपली, पण उरलेल्या दहांत सगळे भाग एकमेकांना जोडणं, खऱ्या डेटावर चाचणी आणि सुरक्षा तपासणी असेल, तर निम्मा वेळही अजून जायचा असू शकतो. हे नवं ज्ञान नव्हे. आयबीएममध्ये ओएस/३६०चं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्येच या चिरंतन ‘नव्वद टक्क्यां’ची खिल्ली उडवली होती. धूसर टक्क्यांऐवजी, झालं की नाही याबद्दल वादच उरणार नाही असे टप्पे ठरवा, हा त्यांचा आग्रह होता.

पन्नास वर्षं होऊन गेली. टक्के जागच्या जागी आहेत.

याची किंमत पाहायची तर अमेरिकेचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, आठवावं. चाचणीला पुरेसा वेळ उरत नाही, असा इशारा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१३च्या वसंतातच दिला होता. सप्टेंबरमध्ये मात्र कंत्राटदार अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे निर्धास्त होते. १ ऑक्टोबरला संकेतस्थळ सुरू झालं आणि कोलमडलं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. पुढे त्याच महिन्यात कंत्राटदारांनी साक्षीत सांगितलं, की संपूर्ण यंत्रणेची एकत्र चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाली.

आता प्रगती अहवालांबद्दलचे बाकीचे गैरसमज.

‘अहवालात हिरवा रंग म्हणजे सारं आलबेल.’ बाहेरून हिरवा, आतून लाल अशा अहवालाला आयटीवाले कलिंगड म्हणतात, ते उगाच नाही.

‘अहवाल जितका लांब, तितका पारदर्शक.’ चाळिसाव्या स्लाइडवरचा धोका कुणी वाचत नाही.

‘सगळ्यांना एकच अहवाल पुरतो.’ टीमला आज काय अडलंय ते हवं असतं. ग्राहकाला तारीख, खर्च आणि त्याने घ्यायचे निर्णय.

‘उशीर झालाय, माणसं वाढवा.’ उशिरा चाललेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली की उशीर वाढतो, हेही ब्रुक्स यांनी त्याच पुस्तकात सांगून ठेवलंय.

चांगल्या अहवालाला एक पान पुरतं : काय चालू स्थितीत आहे, ते कुणी तपासलं, काय अडलंय, निर्णय कुणाकडे आहे आणि गेल्या वेळी दिलेली तारीख किती सरकली. पुढच्या बैठकीत पुन्हा ‘नव्वद टक्के’ ऐकू आले, तर वाद घालू नये. जे झालंय ते चालवून दाखवा, एवढंच म्हणावं.