तीस सेकंद आणि एक खुर्ची

ज्येष्ठ नागरिक संघातून व्याख्यानाचं बोलावणं येतं, तेव्हा विषय बहुधा ठरलेला असतो: 'उतारवय आणि आरोग्य'. फिजिओथेरपिस्टचं पहिलं काम हा विषय लहान करून घेण्याचं. तासाभरात गुडघा, कंबर, मान, मधुमेह सगळंच उरकलं, तर घरी जाताना कुणाच्याच हाती काही लागत नाही. मी एवढंच मागून घेते: पडणं कसं टाळायचं. खुब्याचं हाड मोडल्यावर पुष्कळ जण पुन्हा पूर्वीसारखे हिंडूफिरू शकत नाहीत, आणि इथे व्यायामाचा खरोखर उपयोग होतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात पायांची ताकद आणि तोल यांसाठी घरी करायचा व्यायामक्रम तयार झाला. त्याच्या चाचण्यांत वृद्धांच्या पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं.

फोनवरच खुर्च्यांची चौकशी करावी. सभागृहात सहसा हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात आणि गुळगुळीत फरशीवर त्या मागे सरकतात. मला निदान काही तरी बिनहाताच्या, साधारण १७ इंच उंचीच्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या हव्या असतात. बरोबर दोन-तीन मदतनीस असावेत.

सुरुवात स्लाइडनी करू नये. "गेल्या वर्षभरात कोण पडलं?" असं विचारलं तर हात वर येत नाहीत. पडल्याचं कळलं की मुलं बाहेर जाणं बंद करतील, ही धास्ती असते. "मोरीत पाय कुणाचा सरकला? पायपुसण्यात कोण अडकलं? बसमधून उतरताना कुणाचा तोल गेला?" असं विचारलं की सभागृह बोलू लागतं. एक आजी सांगतात, मग शेजारच्या दुसऱ्या. व्याख्यानाचा निम्मा मजकूर इथेच मिळतो. तो तयार टिपणापेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण तो त्याच वस्तीतल्या घरांचा असतो.

मग खुर्ची. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११पेक्षा आणि पुरुषाला १२पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. ७५ ते ७९ या वयात हेच आकडे १० आणि ११ आहेत. हातांचा आधार घ्यावा लागला तर मोजणी शून्य धरतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी फक्त बघायचं, हे आधी स्पष्ट सांगावं. आणि कुणाचाही आकडा मोठ्याने विचारू नये. ज्याने त्याने आपला मनात ठेवावा. चारचौघांत कमी ठरलेला माणूस पुढच्या कार्यक्रमाला येत नाही, आणि नेमकी त्यालाच सर्वांत जास्त गरज असते.

चाचणी झाल्यावर 'का' हा प्रश्न ऐकणाऱ्यांकडूनच येतो. मांडीच्या पुढचे आणि नितंबांचे स्नायू आपल्याला खुर्चीतून उठवतात. कमोडवरून उठताना आणि एसटीची पायरी चढताना तेच लागतात. "गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता व्यायाम कशाला?" हे कुणीतरी म्हणतंच. त्यांना सांगायचं, की गुडघा झिजला असला तरी मांडीचे स्नायू बळकट करता येतात, आणि ते बळकट झाले की बहुतेकांचं दुखणंही कमी होतं.

तोलाचं थोडं सावकाश सांगावं लागतं. शरीर तीन ठिकाणांहून अंदाज घेतं: डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव. एक कमी पडलं तर बाकीची दोन सांभाळून घेतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले काका दिवसा नीट चालतात ते डोळ्यांच्या भरवशावर. रात्री दिवा न लावता लघवीला उठले की तो भरवसाही जातो. त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर झटकन उठल्यावर दाब उतरून अंधारी येऊ शकते. म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, दिवा लावायचा, मग उठायचं. नळ किंवा टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. भिंतीत पक्की बसवलेली मूठ हवी.

घरी करायला दोनच व्यायाम द्यावेत. खुर्चीतून उठबस, आणि स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलत चवड्यांवर उभं राहणं. पासष्टीपुढच्यांनी ताकद आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२०चं मार्गदर्शन आहे. "समजलं ना?" असं विचारलं की सगळेच माना डोलावतात. त्यापेक्षा एखाद्या काकूंना म्हणावं, "शेजारच्या वहिनींना हे कसं शिकवाल, दाखवा बरं." टाचा उचलताना त्या पुढे वाकल्या तर आपलं सांगणं कुठे कमी पडलं ते दिसतं, आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं.

शेवटी एक्स-रेच्या पिशव्या निघतात. उभ्या उभ्या कुणावर उपचार सुचवू नयेत; इतिहास न विचारता, न तपासता दिलेला सल्ला धोक्याचा असतो. मात्र वारंवार चक्कर येणं, एका बाजूचा हात-पाय अचानक ढिला पडणं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागणं, यांपैकी काही कळलं तर डॉक्टरांकडे लगेच जा, हे ठामपणे सांगावं. दवाखान्याची सवलतीची कुपनं वाटू नयेत, तेल-पट्ट्यांचा स्टॉलही लावू देऊ नये. माणसं विश्वासाने ऐकायला आलेली असतात.

निघण्यापूर्वी संघाच्या सचिवांकडून दोनेक महिन्यांनंतरची तारीख लिहून घ्यावी. तीच खुर्ची, तेच ३० सेकंद. स्नायूंची ताकद तेवढ्या काळात वाढलेली जाणवते, आणि स्वतःचा आकडा लक्षात ठेवलेल्यांना ती मोजून बघता येते.